शेवटच्या भेटीचा रकाना

अर्जाचा नमुना दत्तप्रसादने स्वतः तयार केला होता. एका पानात बसणारे सात रकाने. वडिलांचे नाव, पत्ता, मुलाचे संपूर्ण नाव, मुलाचे वय, मूल सध्या कोणाकडे आहे, भेटीची अपेक्षित वेळ. आणि सातवा, ज्यापाशी येऊन बहुतेकांचे पेन थांबे : शेवटची भेट कधी झाली? नारायण पेठेतल्या त्या माडीवरच्या खोलीत गेले दोन महिने माणसे येत होती, मुलांना भेटू न दिलेले वडील. कुणी बँकेतला, कुणी रिक्षा चालवणारा, कुणी त्याच्यासारखाच गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेला. पहिले सहा रकाने ती भराभर भरत आणि सातव्यापाशी खिडकीबाहेर पाहू लागत. तारीख आठवावी लागे असे नव्हे. ती लिहायला वेळ लागे.

त्याने आपला अर्ज सर्वांत आधी भरला होता. संस्कृती, वय सात. शेवटची भेट, सोळा फेब्रुवारी. न्यायालयाने दर शनिवारी दोन तास ठरवून दिले होते. पण आधी तिला ताप आला, मग परीक्षा आली, मग पाहुणे आले, आणि दसरा सरेपर्यंत कारणे कळवणेही थांबले. न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, भिंतीवर रंगवलेल्या हत्तीखाली, तो दर शनिवारी दोन तास बसून परत येई. आता उद्या, शनिवारी, हे अर्ज घेऊन न्यायालयावर मोर्चा होता. सोमवारी त्याच्या खटल्याची तारीख. मोर्चाचे नेतृत्व त्याचे वडील करणार होते, आणि खराडीतली निम्मी भावकी त्यांच्या मागे चालणार होती. एकट्या माणसाचे कुणी ऐकत नाही हे आठ महिन्यांत तो शिकला होता. पाचशे माणसांचे ऐकतील, अशी त्याची आशा होती.

शुक्रवारी सकाळी तो अर्जांची यादी संगणकात भरत होता. दीनानाथकाका वाचून दाखवत होते. निवृत्त मुख्याध्यापक, तीन वर्षांत नातू पाहिलेला नव्हता, पण ते दुःख त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे तसे ठेवले होते.

"पुढचा. वानखेडे, कोंडीराम. राहणार येरवडा. मुलाचं वय अडतीस."

दत्तप्रसादने आकडे टाकले. पडद्यावर लाल चौकट उमटली : वय अठरापेक्षा जास्त असू शकत नाही. हे वाक्य त्यानेच लिहून ठेवले होते, घाईत कुणाच्या हातून चूक होऊ नये म्हणून.

"आठ असेल, काका. नीट बघा."

"चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात मी. अडतीसच आहे." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अडतीस वर्षांच्या चिरंजीवांना भेटायला या गृहस्थांना परवानगी कशाला हवी? सरळ रिक्षा करावी आणि जावं."

दत्तप्रसाद हसला आणि त्याने कागद हातात घेतला. अक्षर जाड, सावकाश होते. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ ओढलेली. मुलाचे संपूर्ण नाव : साईनाथ कोंडीराम वानखेडे. मूल सध्या कोणाकडे आहे : आई विजयमाला हिच्याकडे, मामा संभाजी जगदाळे यांचे घरी, खराडी. भेटीची अपेक्षित वेळ : आपल्या सोयीने, मी आता निवृत्त आहे. शेवटची भेट : सन १९७४, तान्ह्या पोळ्याचा दिवस, मुलास लाकडी बैल दिला.

आणि खाली, रकाने संपल्यावर उरलेल्या कोऱ्या पट्टीत : पेपरात संभाजीरावांचे नाव आणि मागणी वाचली. मागणी रास्त आहे. म्हणून अर्ज करीत आहे.

खालच्या दुकानात कुणीतरी शटर वर ढकलले. तो आवाज दत्तप्रसादला फार लांबून आल्यासारखा वाटला.

संभाजीराव म्हणजे त्याचे वडील, आणि विजयमाला ही त्याची आत्या. साईनाथ म्हणजे साईदादा, ज्याच्या खांद्यावर बसून त्याने गावची जत्रा पाहिली होती. शाळेच्या दाखल्यावर, वाहनाच्या परवान्यावर, कंपन्यांना लावलेल्या त्याच्या पाचही गाड्यांच्या पाठीवर एकच नाव होते : साईनाथ संभाजी जगदाळे. दोघांचे मधले नाव एकच, याचे दत्तप्रसादला कधी नवल वाटले नाही. एका घरातली मुले एका ताटात जेवावीत तसे ते होते. आत्याचा नवरा कामावर गेला तो परत आलाच नाही, हे वाक्य घरात देवघरासारखे एका जागी होते. त्यामागे कुणी हात घालून पाहिला नव्हता.

आणि लाकडी बैल. काळा, एक शिंग तुटलेला. तीन चाके मूळची आणि चौथ्याच्या जागी दोऱ्याचे रीळ. आधी तो साईदादाचा होता, मग दत्तप्रसादचा झाला. सोळा फेब्रुवारीला तो त्याने पिशवीत घालून न्यायालयात नेला होता. संस्कृतीने केसांची लाल रिबीन सोडून त्याच्या गळ्यात बांधली, दोन तास खोलीभर ओढला, आणि वेळ संपली तेव्हा छातीशी धरून ती तो घरी घेऊन गेली.

"काय झालं?" दीनानाथकाकांनी विचारले. "ओळखीचे निघाले?"

"हा कागद मी घेऊन जातो, काका."

"न्या." काका क्षणभर थांबले. त्यांच्या आवाजातला तिरकसपणा गळून गेला होता. "पण हरवू नका. अर्ज दिलेला माणूस घरी जिन्याकडे कान लावून बसतो. मला माहीत आहे."

खराडीला तो पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. जिथे पूर्वी त्यांची ज्वारी उभी असे तिथे आता काचेच्या इमारती होत्या, आणि त्यांच्या उन्हात चमकणाऱ्या पाठीकडे तोंड करून जगदाळ्यांचा बंगला उभा होता. अंगणात साईदादा शिडीवर चढून गाडीला फलक बांधत होता. 'मुलांना वडील हवेत.' दत्तप्रसादला पाहून त्याने तोंडातली सुतळी काढली. "आलास? पाचच्या पाच गाड्या तयार. उद्या बघ, पेठेतल्या लोकांना चालायला जागा ऱ्हाणार न्हाई."

मान हलवून दत्तप्रसाद आत गेला.

दिवाणखान्यात आप्पा, म्हणजे संभाजीराव, गावातल्या आठदहा जणांसमोर उद्याचे भाषण म्हणून पाहत होते. पांढरा फेटा बाजूला काढून ठेवलेला, आणि हात मात्र सभेत असल्यासारखा वर.

"शाळेच्या दाखल्यावर माझ्या नातीच्या नावापुढं बापाचं नाव न्हाई! पुसलं! आवो, बाप काय मेलाय व्हय? जिवंत माणसाचं नाव पुसणं, ह्याच्यासारखं दुसरं पाप हाय का?"

"न्हाई, न्हाई," माणसे म्हणाली.

आप्पांचा आवाज तिथे खरोखर फुटला. दत्तप्रसादला ठाऊक होते, तो आव नव्हता. आठ महिन्यांत त्यांनी संस्कृतीची तीनचाकी सायकल अंगणातून हलवू दिली नव्हती. पावसात तिच्यावर आपल्या हाताने गोणपाट टाकत. खिशातल्या घडीवर हात ठेवून तो स्वयंपाकघरात गेला.

आत्या उद्याच्या शिदोरीसाठी शेंगदाणे पाखडत होती. तिला वाचता येई, पण चष्म्यावाचून नव्हे, आणि चष्मा तिला कधी सापडत नसे. म्हणून त्याने हलक्या आवाजात वाचले. नाव वाचले तेव्हा सूप हलत होते. तान्ह्या पोळ्यापाशी ते थांबले.

"जिवंत हाय?" आत्या म्हणाली.

"येरवड्यात राहतात. आत्या, तुम्ही तर आम्हाला सांगितलं होतं की..."

"मी न्हाई सांगितलं. मला इचारलं कुणी? तुम्ही समद्यांनी दादाला इचारलं, आन दादानं सांगितलं."

तिने सूप खाली ठेवले. बाहेरून टाळ्यांचा आवाज आला.

"कारखान्याची सुटी गुरुवारची," ती म्हणाली. "दर गुरुवारी यायचा. सायकल घेऊन वेशीपाशी उभा. दादा चार गडी घेऊन आडवा. दोन वर्सं. मारलं न्हाई कधी, पर येऊ बी दिलं न्हाई. एकदाच, दादा बाजाराला गेला हुता तवा, दारापतुर आला. हातात लाकडाचा बैल. त्यांच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ल्हान पोरं लाकडाचे बैल सजवून मिरवत्यात. आपल्याकडं कुणाला ठावं? आमची आय म्हणाली, करणी केली, लाकडाचं जनावर दाराशी सोडून गेला. दादा आला आन उचलून नदीत फेकला."

"मग घरात होता तो..."

"नदीला पाणी कमी हुतं. फाटंच्या पारी उठून मी गेले, आणला. चाक एक गावलं न्हाई. मग आय बी काय बोलली न्हाई." तिने पदराने बोटे पुसली, एकेक करून. "त्यानंतर तो आला न्हाई."

"आणि तुम्ही? तुम्हाला नाही वाटलं, की साईदादाला..."

"वाटलं की. पयल्यांदा वाटलं. मग साई शाळंत गेला, दादानं आपलं नाव लावलं. पोरगं रात्री दचकून उठायचं थांबलं. निवांत झोपाय लागलं. म्हटलं, आता कशाला ढवळायचं?" तिने त्याच्याकडे सरळ पाहिले. "दादाला एकट्याला बोल लावू नगंस, दत्ता. कडी त्यानं घातली. उघडली न्हाई ती मी."

दत्तप्रसाद भिंतीला टेकला. त्याच्या बायकोने, भाग्यश्रीने, न्यायालयात दिलेल्या म्हणण्यात एक ओळ होती, जी त्याने इतक्या वेळा वाचली होती की कागद तिथे मऊ पडला होता : मुलगी आता शांत झोपते. ती ओळ खोटी आहे, असे तो आठ महिने स्वतःला सांगत आला होता. ती खरी असू शकते, आणि तरीही त्याने मुलीला भेटायलाच हवे, ही गोष्ट त्याला या स्वयंपाकघरात, शेंगदाण्याच्या फोलपटांत उभे राहून प्रथम कळली.

"पाणी दे गं विजे," म्हणत आप्पा आत आले. त्यांनी एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. दत्तप्रसादने कागद दिला.

आप्पांनी तो दारातल्या उजेडात धरून वाचला, शेवटच्या पट्टीपर्यंत. मग घडी घातली, आधीच्याच मोडीवर, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"कुणी कुणी वाचलाय?"

"मी. आणि दीनानाथकाकांनी, पण त्यांना काही ठाऊक नाही."

"मग ऱ्हाऊ दे. उद्याचं होऊ दे. सोमवारची तारीख होऊ दे. पोरगी एकदा घरात आली की बघू."

"आप्पा, भाग्यश्रीचे वडीलही हेच म्हणतात. परीक्षा होऊ दे, मग बघू."

"मला त्या माणसाच्या पंगतीला बसवतोस?" आप्पांचा आवाज चढला, आणि बाहेरच्या माणसांची आठवण होऊन एकदम उतरला. "काय ठावं हाय तुला? त्यानं हिला कधी बोट लावलं न्हाई, खोटं बोलणार न्हाई मी. पर त्याची आई आजारी पडली, आन तो हिला घेऊन कायमचा वऱ्हाडात निघाला. तवा तिकडं जायाचं म्हंजे दोन दिवस. फोन न्हाई, काय न्हाई. आमचा बाप नुकता गेलेला. मला एकच बहीण. परत दिसली असती का? म्हणून अडवलं. परत दिसणार न्हाई म्हणून अडवलं."

माणूस दुसऱ्याचे मूल त्याच्यापासून तोडतो तेव्हा त्याच्याही मनात कुणाला तरी गमावण्याची भीतीच असते, हे दत्तप्रसादच्या सात रकान्यांत कुठेच बसत नव्हते.

"तो कागद साईदादाचा आहे, आप्पा."

"दिलास, तर उद्या मी येणार न्हाई. कोणत्या तोंडानं बोलू तिथं? मी न्हाई तर गावातला एक माणूस येणार न्हाई. पंधरावीस जण घेऊन जाशील तू कोर्टापुढं. सोमवारी काय हातात ऱ्हाईल? इचार कर. तुझी पोरगी हाय."

ते धमकावत नव्हते. खरे तेच सांगत होते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. अंगणात उन्हात उभी असलेली तीनचाकी सायकल दत्तप्रसादला खिडकीतून दिसत होती. दोन दिवस. फक्त दोन दिवस तो कागद त्या खिशात राहिला असता. चौतीस वर्षांत दोन दिवस असे कितीसे? आणि लगेच त्याच्या लक्षात आले, की चौतीस वर्षे अशीच झाली असतील, दोन दोन दिवसांची.

त्याने हात पुढे केला. आप्पा हलले नाहीत.

"दादा," आत्या म्हणाली. "दे त्याला."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी वाढू का, असे विचारावे तशी ती बोलली. पण आप्पांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू घरातली एखादी भिंत बोलली होती. मग त्यांनी खिशातून घडी काढली, ओट्यावर ठेवली, आणि मागल्या दाराने बाहेर निघून गेले. दिवाणखान्यात माणसे वाट पाहत बसून राहिली.

साईदादाने कागद शिडीवर बसूनच वाचला. आधी तो हसला. "माझ्याच नावाचा कुणीतरी हाय की." मग त्याचा अंगठा मधल्या नावावर थांबला. पुढे वाचताना त्याचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"शाळेत पोरं चिडवायची," तो शेवटी म्हणाला. "दाखल्यावर बाप, आन घरात मामा. तू बापाला मामा का म्हणतोस रं? मी मामाला इचारलं. मामा म्हणाला, तुला काय म्हणायचं ते म्हण. पर मला दुसरं कायच तोंडात आलं न्हाई कधी." तो थांबला. "मला एक सायकलची घंटी आठवती. मी समजायचो, पोस्टमन असंल."

"दादा, मी आधी..."

"तू काय केलंस? तू दिलास." साईदादा शिडीवरून उतरला. "वेळ काय लिहिलीय? आपल्या सोयीने. चल."

"आत्ता?"

"मग कवा? उद्या मोर्चा हाय का आता? मामा कशाला येतोय."

दत्तप्रसादने मान खाली घातली. साईदादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि गाडीचे दार उघडले. गाडी फाटकातून निघताना आत्या पायरीपर्यंत आली. खिडकीपाशी वाकून दत्तप्रसादला एवढेच म्हणाली, "त्यांना सांग, बैल घरात हुता म्हणावं. फेकलेला घरात आणला हुता."

कंपन्या सुटायची वेळ झाली होती, आणि साईदादाच्या गाडीसारख्या शेकडो गाड्या थकलेल्या तरुण माणसांना घेऊन उलट दिशेने चालल्या होत्या. फलकाची एक दोरी सुटून टपावर फडफडत होती. येरवड्यात तुरुंगाची लांब भिंत मागे पडल्यावर पत्रा आणि विटांच्या दाट वस्तीत पत्ता सापडला. दुमजली चाळ, लोखंडी अरुंद जिना, वर गॅलरीत तुळशीचा डबा.

साईदादाने गाडी बंद केली, पण हात चाकावरच राहिले.

"तू जा आधी," तो म्हणाला. "मला... तू जा. बघ कसं हाय माणूस. मी येतो."

जिन्याला सोळा पायऱ्या होत्या. दत्तप्रसादने त्या मोजल्या, कारण मोजले नसते तर तो मध्येच थांबला असता. दार उघडेच होते. आत एक वृद्ध गृहस्थ खुर्चीवर ताठ बसलेले, इस्त्रीचा सदरा घातलेला, केस पाण्याने बसवलेले. अर्ज देऊन तीन दिवस झाले होते. तिन्ही दिवस ते असेच बसले असावेत. चाहूल लागताच ते उठले. त्यांनी दत्तप्रसादचा चेहरा पाहिला, त्यात काहीतरी शोधले, आणि सापडले असे ठरवून टाकले. त्यांचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांकडे आले.

"साई..."

"मी नव्हे," दत्तप्रसाद चटकन म्हणाला, आणि लागलीच त्याला स्वतःच्या घाईची लाज वाटली. "मी त्याचा मामेभाऊ. तो खाली आहे, गाडीत."

हात हवेत राहिले, मग हळूच खाली आले. ओळख चुकल्याचे दुःख त्या चेहऱ्यावर नव्हते. चुकणारच, हे त्यांनी जणू आधीच सोसून ठेवले होते. आणखी दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, अशाच एखाद्या दारात संस्कृती उभी राहील, आणि आपण भलत्याच मुलीच्या चेहऱ्यात तिला शोधू, असे दत्तप्रसादच्या मनात आले आणि गेले नाही.

"आत्यांनी सांगितलंय," तो कसाबसा म्हणाला, "बैल घरातच होता. साईदादा त्याच्याशी खेळला. मी खेळलो. आता माझी मुलगी खेळते."

कोंडीराम वानखेड्यांनी डोळे मिटले. "चाकं चार हायेत ना जी?" त्यांनी विचारले.

"तीन. चौथ्याला रीळ लावलंय. पण चालतो."

त्यांनी मान हलवली, बराच वेळ. मग सदऱ्याची बाही सारखी केली, खोलीतली दुसरी खुर्ची पुसली, ती आधीच स्वच्छ होती, आणि दाराकडे पाहत, आवाज अगदी लहान करून म्हणाले, "किती वेळ देतीन जी?"

हा प्रश्न दत्तप्रसादला पाठ होता. रंगवलेल्या हत्तीखाली बसून, टेबलामागच्या बाईंना, असाच आवाज लहान करून, त्याने तो किती शनिवार विचारला होता. उत्तर द्यायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. दोन तास, असे शब्द सवयीने जिभेवर आलेही. ते त्याने गिळले.

"ते त्यालाच विचारा," तो म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला.

खाली गाडीचे दार लागल्याचा आवाज आला. मग लोखंडी जिन्यावर पावले वाजू लागली. एक पायरी, मग थांबणे, मग दुसरी. वृद्ध माणूस उभा राहून ती मोजत होता.